लांब्रोसचा नाच

लग्नात काय वाजवायचं आणि कोणामागून कोणी नाचायचं, हे आमच्याकडे नवऱ्यामुलाच्या घरी बसून ठरतं. वाजवणाऱ्यांना कॉफी मिळते, छोट्या बशीत चेरीचा मुरांबा मिळतो, आणि मग दोन्हीकडची मंडळी भांडतात. एखाद्या घरी भांडण झालं नाही तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटतं. मी लाऊतो वाजवतो, फुगीर पोटाचं तारांचं वाद्य. क्लॅरिनेट पुढे असतं, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, आणि मी मागे बसून ताल धरतो. मागे बसल्यामुळे मला पुष्कळ दिसतं. त्या मे महिन्यात, थोमासच्या लग्नात, जे दिसलं ते सांगतो.

बैठक अगाथीच्या घरी होती, गावाच्या वरच्या आळीत. माझ्याबरोबर असीमो होती. तिचा बाप मिनास माझा जोडीदार. एपिरसच्या या डोंगरांत आम्ही दोघांनी वाजवलं नाही असं गाव नसेल. तो गेला, आणि त्याचं क्लॅरिनेट मुलीनं उचललं. बाईमाणसानं क्लॅरिनेट वाजवायचं म्हणून सुरुवातीला लोक हसले. आता तिची तारीख मिळावी म्हणून लग्नं पुढे ढकलतात. वय पंचवीस, जीभ बापासारखीच तिखट.

समोर अगाथी, तिचा मुलगा थोमास आणि त्याची होणारी बायको दानाई. थोमास यानिना शहरात वीज खात्यात आहे. दानाई तिथल्याच शाळेत गणित शिकवते. सगळी गाणी ती फोनवर टिपून घेऊन आली होती.

"केक कापला की पुढे डीजे," दानाई म्हणाली. "माझ्या मैत्रिणींना तुमचे नाच येत नाहीत."

"येतात कोणाला?" असीमो म्हणाली. "हात धरायचा आणि शेजारणीच्या तालावर डुलायचं. डीजे लावा खुशाल. पण तो लागला की मी जेवायला बसणार. त्या धडधडाटात मला बोलवायला यायचं नाही."

"बोलावलं तर?"

"तोंडात कोकराचं मटण असेल. फुंकणार कशानं?"

दानाई हसली. मला पोरगी आवडली. मग थोमास टेबलाकडे बघत म्हणाला, "सुरुवात मिरोलॉयने करायची."

कुठलाही समारंभ आमच्याकडे तसाच सुरू होतो. नाचाच्या आधी, सगळे बसलेले असताना, क्लॅरिनेट एकटं रडतं. शब्द नसतात. गेलेल्या माणसांसाठी असतं ते, आणि परदेशी जाऊन परत न आलेल्यांसाठी. लोक हातातले ग्लास खाली ठेवतात, कोणी डोळे पुसतं, आणि ते संपलं की नाच. जुने वाजवणारे सांगायचे, मिरोलॉय वाजवला की मेलेले आपापल्या जागी बसतात. नाही वाजवला तर उभेच राहतात.

"मिरोलॉय नाही," अगाथी म्हणाली.

"आई, सगळ्या गावात वाजतो."

"वाजू दे. माझ्या घरच्या लग्नात नाही."

का ते मला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. अगाथीचा थोरला, लांब्रोस, तेविसाव्या वर्षी मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला लागला. त्याच हिवाळ्यात ते जहाज बिस्केच्या समुद्रात बुडालं. एकही माणूस सापडला नाही. पाद्री श्राद्धाचं विचारायला आले तेव्हा अगाथीनं त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. शोकाचे काळे कपडे घातले नाहीत. पुढे नवरा वारला तेव्हासुद्धा चाळीस दिवस घातले आणि काढून ठेवले. दर ऑगस्टला जत्रेत मिरोलॉय सुरू झाला की ती चौकातून उठून जायची आणि नाच सुरू झाला की परत यायची.

"बरं," मी म्हणालो. "क्रम सांग. नवरीचा नाच पहिला. मग?"

"मग लग्नाचे मुकुट बदलणारा मित्र," अगाथी बोटांवर मोजत म्हणाली. "मग लांब्रोस. मग थोमासचे मामा. मग सोयरे."

कॉफीचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. थोमासचा होता.

"आई."

"थोरला भाऊ मामांच्या आधी नाचतो. रीत आहे."

"आई, कोण नाचणार आहे तिथे?"

"त्याची वेळ त्याला द्यायची. आला तर नाचेल. नाही आला तर ती वेळ तशीच जाईल. तुला काय त्रास आहे?"

थोमास उठला, दार उघडं टाकून अंगणात गेला. दानाईनं फोन पालथा ठेवला आणि सासूला विचारलं, "त्यांचं गाणं कुठलं होतं?"

"स्तेर्योला माहीत आहे," अगाथी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "मिनासला होतं आणि त्याला आहे."

होतं. आमच्याकडे नाच धरणारा स्वतःचं गाणं सांगतो, आणि एखादं गाणं त्या माणसाला इतकं चिकटतं की दुसरा कोणी ते मागत नाही. लांब्रोस एक जुनी, संथ चाल मागायचा. तो गेल्यावर ती कोणी मागितली नव्हती, आणि आम्हीही कधी वाजवली नव्हती.

उतारावरून खाली येताना असीमो म्हणाली, "शिकवा मला."

"सोडून दे. ज्याच्यासाठी मिरोलॉय वाजला नाही त्याच्यासाठी नाच वाजवू नये."

"कोण म्हणालं?"

"तुझा बाप."

"बाबा तर म्हणायचे मंगळवारी क्लॅरिनेटची रीडसुद्धा बदलू नये. शिकवा, काका."

गावातली शाळा बंद पडून बरीच वर्षं झालीत. वर्गात बाकं तशीच आहेत, त्यांच्यावर कोणीतरी कोरलेली नावं आहेत. दुपारी आम्ही तिथेच सराव करतो, कारण त्या वेळी ऊन खिडक्यांतून सरळ आत येतं आणि बोटं मोकळी राहतात. मी चाल गुणगुणली. असीमोनं ती दोन वेळा ऐकली आणि उचलली. अशी उचलली की माझ्या काखेत घाम आला, कारण मिनासनेच वाजवल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या फेरीला ती थांबली. एकच स्वर धरून थांबली, आणि मग पुढे गेली.

"इथे थांबायचं नाही," मी म्हणालो.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा त्याच जागी थांबली.

"श्वास कमी पडतोय?"

"नाही." तिनं क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. "तिथून पुढे जाताच येत नाही. हसू नका. कोणाचा तरी पाय उचललेला आहे आणि तो खाली आल्याशिवाय वाजवता येत नाही, असं होतंय."

मी हसलो नाही. आमच्याकडे क्लॅरिनेट नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजतं. पाय जड पडला तर सूर जड, पाय उडाला तर सूर उडतो. लांब्रोसची एक खोड होती. तिसऱ्या फेरीला तो डावा पाय उचलायचा आणि तसाच उभा राहायचा, मनात येईल तोवर. मिनासला तोपर्यंत स्वर लांबवत बसावं लागे. मिनासचा चेहरा टोमॅटोसारखा लाल व्हायचा, लोक ओरडायचे, "लांब्रोस, सोड त्याला, मरेल तो," आणि मग तो पाय खाली आपटायचा आणि सगळा चौक हसायचा.

हे मी असीमोला सांगितलं नव्हतं. लांब्रोस गेला तेव्हा ती जन्मलेली नव्हती.

"बाबांनी कधी सांगितलं होतं का तुला, या चालीबद्दल?" मी विचारलं.

"बाबांनी ही चाल घरात कधी वाजवलीच नाही. का?"

"सहज."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी लाऊतोची एक तार ढिली करून पुन्हा लावत बसलो, जी मुळात बिघडलेलीच नव्हती. त्या दिवशी आम्ही सराव लवकर आटोपला.

पुढच्या आठवड्यात मी परसात घेवड्याच्या वेलांना काठ्या बांधत होतो, तर थोमास आला. कुंपणापाशी उभा राहिला.

"काका, ती चाल वाजवू नका."

"तुझी आई सांगते वाजवा."

"लग्न माझं आहे." तो आत आला, एक काठी उचलून माझ्या हातात दिली. मग दुसरी. बोलायला त्याला हाताला काहीतरी काम हवं होतं. "लहान होतो तेव्हा तिनं मला त्याचा स्वेटर घातला. गुडघ्यापर्यंत यायचा. मग अंगाला बसायला लागला. मग तोकडा झाला. तोकडा झाला तरी म्हणायची, जपून घाल, आला की मागेल."

मी सुतळीची गाठ मारली.

"मी आता त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे, काका. तरी थोरला भाऊ तोच. त्याचा चेहरा मला आठवतसुद्धा नाही. फोटो आठवतो."

"मग काय करू म्हणतोस?"

"मिरोलॉय वाजवा. ती समोर बसलेली असताना. उठून गेली तरी वाजवा. कोणीतरी एकदा ते वाजवायला हवं."

मी त्याला म्हणालो, पुढे असीमो असते, तिला विचारतो. असीमोला विचारलं तर ती म्हणाली, "लग्न कोणाचं?"

"थोमासचं."

"आपल्याला बोलावलं कोणी?"

"अगाथीनं."

"म्हणजे आपण दोन्हीकडून मेलो."

सोडवलं दानाईनं. ती एकटीच गाडी चालवत यानिनाहून आली आणि शाळेच्या बाकावर येऊन बसली. तिथे मुलांसाठी केलेल्या त्या बाकात तिचे गुडघे मावत नव्हते.

"आईंनी सांगितलंय तसंच करा," ती म्हणाली. "मिरोलॉय नको. आणि त्यांची चाल वाजवा. थोमासचं मी बघते."

"का गं?" असीमोनं विचारलं. "तुझं लग्न आहे. तुला भीती नाही वाटत?"

दानाई म्हणाली, "ईस्टरला मी त्या घरात राहिले. जिना चढताना आई भिंतीला चिकटून चढतात. एवढा रुंद जिना, आणि त्या अंग चोरून जातात. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, तो धावत उतरतो, धक्का लागतो." तिनं बाकावरची कोरलेली अक्षरं बोटानं चाचपली. "मला त्या घरात सून म्हणून जायचंय, काका. तिथे कोण कोण राहतं, ते मला एकदा बघू दे."

लग्न रविवारी दुपारी लागलं. दोघांच्या डोक्यावरचे मुकुट मित्रानं तीनदा अदलाबदल केले, तांदूळ उडाले, पाद्रींच्या दाढीत अडकले. मग सगळे चौकात आले. चौकात चिनाराचं मोठं झाड आहे, त्याखाली टेबलं मांडली होती. भट्टीतून कोकरांच्या पराती येत होत्या, चीजच्या पाई येत होत्या, आणि त्सिपुरो दारूच्या बाटल्यांची तर मोजदादच नव्हती. आम्ही झाडाच्या बुंध्याशी खुर्च्या लावल्या. असीमो, मी, एक व्हायोलिन, एक डफ.

असीमोनं क्लॅरिनेट ओठांना लावलं तेव्हा लोकांनी सवयीनं ग्लास खाली ठेवले. आणि आम्ही नवरीचा नाच सुरू केला. ग्लास तसेच राहिले. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या टेबलावर बसलेल्या एका आजोबांनी छातीवर क्रूस काढला आणि मग कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

दानाई छान नाचली. तिच्या मैत्रिणी चुकत होत्या आणि हसत होत्या. हळूहळू सगळेच सैल झाले. मुकुट बदलणारा मित्र उठला, त्यानं एक उडती चाल मागितली आणि चौक गरम करून टाकला. त्याचा नाच संपला तेव्हा टाळ्या वाजत होत्या, आणि टाळ्या वाजत असतानाच अगाथी उठली.

तिनं निळे कपडे घातले होते. केस नीट बांधलेले. हातात पांढरा रुमाल. आमच्या नाचात पुढचा माणूस आणि दुसरा माणूस एका रुमालाची दोन टोकं धरतात. दुसऱ्यानं घट्ट धरायचं असतं, कारण पुढचा त्याच्या आधारावर वाकतो, बसतो, गिरकी घेतो. अगाथी मध्यभागी आली आणि दुसऱ्याच्या जागी उभी राहिली. उजवा हात पुढे केला. रुमालाचं एक टोक तिच्या मुठीत, दुसरं मोकळं. मागे हात धरायला कोणी उठलं नाही. टाळ्या थांबल्या होत्या.

थोमास उठायला लागला. दानाईनं त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं.

"स्तेर्यो," अगाथी मला म्हणाली, "वाजवा."

मी ताल धरला. असीमोनं चाल सुरू केली.

पहिली फेरी अगाथी एकटीच चालली. सत्तरीची बाई, गुडघे दुखणारी, पण पाय बरोबर पडत होते. रुमालाचं मोकळं टोक खाली लोंबत होतं आणि तिच्या पावलांबरोबर हलत होतं. मला वाईट वाटलं, बाकी काही नाही. मला वाटलं, होऊन जाऊ दे, दोन-तीन फेऱ्या आहेत, मग मामा उठतील, लोक पितील, विसरतील.

दुसऱ्या फेरीला असीमोचे डोळे खाली गेले. ती अगाथीच्या पायांकडे बघत नव्हती. अगाथीच्या पुढे, एका पावलावर, जिथे नुसती फरशी होती, तिथे बघत होती. आणि तिचा सूर बदलला. जड झाला. मी तिच्याबरोबर आणि तिच्या बापाबरोबर किती वाजवलं आहे ते मला माहीत आहे, आणि पायांना धरून वाजवलेला सूर कसा असतो तेही माहीत आहे. ती कोणाच्या तरी पायांना धरून वाजवत होती. ते पाय हळू होते.

मग मी रुमालाकडे पाहिलं. तो लोंबत नव्हता. अगाथीच्या मुठीपासून सरळ, आडवा, ताणलेला होता. वारा म्हणावा तर चिनाराचं पान हलत नव्हतं. डफवाल्यानंही पाहिलं असावं, कारण त्याचा हात थांबला. व्हायोलिन आधीच थांबलं होतं. आम्ही दोघंच उरलो.

तिसरी फेरी. ती जागा आली. असीमोनं स्वर धरला.

धरून ठेवला. तिचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली, आणि तरी ती पुढे जाईना. मी तारेवर बोट ठेवून थांबलो. कोणी ओरडलं नाही. चौकात इतकी माणसं, आणि कुठे खुर्ची सरकल्याचाही आवाज नाही. अगाथीचा हात थरथरत होता, खांद्यापासून. एखादं मोठं माणूस त्या हाताला धरून उभं राहावं तसा तो खाली ओढला जात होता. तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं.

असीमोचा श्वास संपला. स्वर तुटला. तो पाय खाली आला नाही.

त्या शांततेत अगाथी बोलली, आणि कोणाशी बोलतेय ते सगळ्यांना कळलं.

"दमलास," ती म्हणाली. "किती दमलास रे."

तिनं समोर, आपल्यापेक्षा वीतभर उंच, जिथे माणसाचा चेहरा असायचा तिथे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आम्हाला तिथे झाडाची सावली दिसत होती.

"मीच उभं ठेवलं तुला," ती म्हणाली. मग मान वळवून आमच्याकडे बघत, रोजच्या आवाजात, "स्तेर्यो, त्याला बसू द्या आता. वाजवा ते."

"काय वाजवू?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"बसून वाजवायचं ते."

मी असीमोला ग्लासभर पाणी दिलं, तिनं अर्धं पिऊन क्लॅरिनेट उचललं. मिरोलॉय तिनं याआधी कितीतरी वेळा वाजवला होता, पण त्या दिवशी सुरुवातीला तिला स्वरच सापडेना. दोनदा आवाज फाटला. मग सापडला. अगाथी थोमासच्या शेजारी जाऊन बसली, खुर्ची ओढून, जड होऊन. रुमाल तिनं सोडला होता. तो फरशीवर पडला होता, साधा पांढरा रुमाल. ती जागेवरून उठली नाही. हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. थोमास मात्र टेबलावर डोकं ठेवून रडत होता, आठ वर्षांच्या पोरासारखा, आणि त्याच्या लग्नाच्या कोटाची बाही त्सिपुरोत भिजत होती.

मिरोलॉयच्या शेवटी चाल आपोआप नाचाची होते, तशी झाली. मग दानाई उठली, तिनं मामांचा हात धरून त्यांना ओढत मध्ये आणलं, आणि लग्न पुढे सुरू झालं. डीजेही झाला. असीमो जेवली नाही.

दोन दिवसांनी मी तिला विचारलं, काय पाहिलंस.

"पाय," ती म्हणाली. "बूट नव्हते. पहिल्यापासून नाचत नव्हतेच ते, काका. ती ओढेल तसे सरकत होते. नाचतोय असं तिला वाटावं म्हणून." मग म्हणाली, "परत विचारू नका."

मी विचारलं नाही. आता ती वाजवताना नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत नाही. चेहऱ्यांकडे बघते. जुने लोक म्हणतात, मिनासच्या पोरीच्या वाजवण्यात थोडा फरक पडलाय. ती चाल तिच्या बोटांतून गेली. माझ्याही गेली. मागच्या हिवाळ्यात मी एकटाच बसून सुरुवात आठवून पाहिली, तर दुसरंच काहीतरी वाजलं.

थोमास म्हणतो, वारा होता. आई म्हातारी आहे, असीमोला उन्हाचा त्रास झाला, आणि चौकात दुपारचा वारा कधीकधी खालच्या खालीच फिरतो. मी म्हणतो, असेल. अगाथीचा उजवा खांदा आठवडाभर सुजलेला होता. तेल मी स्वतः नेऊन दिलं.

सगळं बरं झालं असं मला सांगता येणार नाही. अगाथीनं काळे कपडे घातले. श्राद्ध घातलं, उकडलेल्या गव्हावर साखर पेरून त्याचं नाव काढलं, ते गहू सगळ्या गावात वाटले. आणि मग ती खंगत गेली. ऑगस्टमध्ये जत्रेत ती आलीच नाही. मी भेटायला गेलो तर दारातच म्हणाली, "नेलात त्याला तुम्ही." मग आत वळत म्हणाली, "वाट बघायची होती तेव्हा सकाळी उठायला कारण होतं. आता जिन्यावरून मी मधूनच चढते. कोणी धडकत नाही." मला तिनं पाई खाऊ घातली आणि मी खाईपर्यंत शेजारी बसली.

एवढी वर्षं ती समुद्राकडे फिरकली नव्हती. किनाऱ्याच्या रस्त्यानं जायचं म्हटलं तर ती गाडीत बसायलाच तयार नसे. ऑक्टोबरात तिनं स्वतः थोमासला फोन केला आणि सांगितलं, मला घेऊन चल. मग थोमास आणि दानाई तिला प्रेवेझाच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. पुढचं मला दानाईनं सांगितलं.

पर्यटक निघून गेले होते, वाळूवर कोणी नव्हतं. अगाथी पाण्यापासून थोडी लांब उभी राहिली.

"हेच का ते?" तिनं विचारलं.

"ते दुसरं, आई," थोमास म्हणाला. "ते लांब आहे. स्पेनच्या पलीकडे."

"पण जोडलेलं आहे ना?"

"जोडलेलं आहे."

मग ती पुढे गेली, पाण्याच्या अगदी कडेला, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. दानाईला वाटलं प्रार्थना करत असेल. गार वारा होता, म्हणून ती शाल घेऊन तिच्या मागे गेली, तेव्हा तिला ऐकू आलं. अगाथी त्याला लग्नाचं सांगत होती. कोण आलं होतं, कोण मुद्दाम आलं नाही, पाद्रींच्या दाढीत तांदूळ कसे अडकले, कोकरू जरा कोरडं झालं होतं पण कोणी बोललं नाही, आणि धाकट्याची बायको गणित शिकवते, रंगानं सावळी आहे, पण मनानं चांगली आहे.

दानाईनं शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि गाडीकडे परत आली. तिचं सांगून होईपर्यंत दोघं गाडीत बसून राहिले.